जुन्या दुचाकीचे घरगुती पुनरुज्जीवन : लखनौच्या स्कूटरच्या निमित्ताने

लखनौ म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवतात पंडित विष्णु नारायण भातखंडे. त्यांच्या प्रेरणेने १९२६ साली या शहरात सुरू झालेले संगीत महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. याच शहराने देशाला आणखी एक वस्तू दिली. संगीताच्या मानाने ती फारच व्यावहारिक असली, तरी असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आयुष्याशी ती एकरूप झालेली होती. ती वस्तू म्हणजे लखनौची स्कूटर, ‘विजय सुपर’.

गोमतीच्या उत्तरेला वसलेले अलीगंज हे जुन्या हनुमान मंदिरासाठी आणि ज्येष्ठ महिन्यातील ‘बडा मंगल’च्या उत्सवासाठी प्रसिद्ध आहे. सेक्टरांमध्ये विभागलेली ही वसाहत नोकरदार व सेवानिवृत्त कुटुंबांची. अशा वसाहतींतील पोर्चमध्ये किंवा जिन्याखाली, ताडपत्री पांघरून उभी असलेली एखादी जुनी दुचाकी आजही दृष्टीस पडते. कोठे ती विजय सुपर असते, कोठे राजदूत, येझदी किंवा बुलेट. घरातील वडीलधाऱ्यांना ती विकवत नाही आणि तरुणांना ती चालू करता येत नाही. भंगारवाला दर दिवाळीला विचारून जातो. अशी गाडी घरच्या घरी पुन्हा रस्त्यावर आणता येते काय, त्यासाठी काय करावे लागते, कोणते काम स्वतः करावे, कोणते जाणकारावर सोपवावे आणि कागदपत्रे व पैसा यांची सांगड कशी घालावी, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

लखनौच्या स्कूटरची कुळकथा

लॅम्ब्रेटा ही मूळची इटलीची. मिलान शहराच्या लॅम्ब्राते भागात, लॅम्ब्रो नदीच्या परिसरात फर्डिनांडो इनोसेंटी यांचा कारखाना होता. तेथे १९४७ साली ही स्कूटर जन्मास आली आणि त्या परिसरावरूनच तिचे नाव पडले. भारतात ती प्रथम आणली मुंबईच्या ‘ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ अर्थात ‘एपीआय’ या कंपनीने. भांडुपच्या या कारखान्यामुळे मुंबईकरांना ‘लॅम्ब्रेटा’ आणि पुढे ‘लॅम्बी’ ही नावे घरचीच वाटत.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी इनोसेंटीने स्कूटरचे उत्पादन थांबविले. त्या सुमारास भारतात स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. केंद्र सरकारने १९७२ साली ‘स्कूटर्स इंडिया लिमिटेड’ ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन केली आणि इनोसेंटीची यंत्रसामग्री, आराखडे व व्यापारी हक्क विकत घेतले. लखनौ-कानपूर मार्गावरील सरोजिनी नगर येथे कारखाना उभा राहिला. १९७५ पासून देशांतर्गत बाजारपेठेसाठी ‘विजय सुपर’ आणि निर्यातीसाठी ‘लॅम्ब्रेटा’ या नावाने गाड्या बाहेर पडू लागल्या. याच कारखान्यातील ‘विक्रम’ ही तीनचाकी उत्तर भारतात सर्वत्र पोहोचली. १९९७ साली दुचाकींचे उत्पादन बंद झाले आणि जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनी बंद करण्यास मान्यता दिली.

या इतिहासाचा पुनरुज्जीवनाशी थेट संबंध आहे. ज्या गाडीचा कारखानाच उरला नाही, तिचे मूळ सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळच होणार. म्हणून अशा गाडीवर काम करताना ‘जुने फेका, नवे बसवा’ ही नेहमीची गॅरेजची पद्धत उपयोगाची नाही. जे मूळचे आहे आणि काम देऊ शकते, ते स्वच्छ करून पुन्हा वापरणे हे या छंदाचे पहिले सूत्र होय. हेच सूत्र कायद्यालाही अभिप्रेत आहे, हे पुढे दिसून येईल.

आधी कागद, मग पाना

पुष्कळ लोक उत्साहाच्या भरात प्रथम गाडी खोलतात आणि कागदपत्रांचा विचार शेवटी करतात. परिणामी महिनोन्महिने राबून तयार केलेली देखणी गाडी अंगणातच उभी राहते. म्हणून पहिले काम करावयाचे ते कपाटातील जुन्या फायली शोधण्याचे.

नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी बुक, हाती आल्यावर त्यावरील चॅसिस क्रमांक व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. गंजावर पॉलिश पेपर चालविताना किंवा जाड रंगाखाली हे आकडे नष्ट होणार नाहीत, याची काळजी सुरुवातीपासून घ्यावी. मूळ इंजिनाच्या जागी दुसऱ्या गाडीचे इंजिन बसविलेले असेल आणि त्याची नोंद झालेली नसेल, तर तो दोष परिवहन कार्यालयाच्या परवानगीने दूर करूनच पुढे जावे. आरसी बुक हरवले असल्यास पोलिसांकडे नोंद करून नमुना २६ मध्ये दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा लागतो. फार जुन्या गाड्यांची नोंद हस्तलिखित नोंदवहीतच राहून गेलेली असते. ती प्रथम संगणकीय प्रणालीत चढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी एक-दोन खेपा जादा घालाव्या लागतात.

गाडी दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे असणे ही नेहमीची अडचण. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, असे नियम सांगतो. ही मुदत उलटून अनेक वर्षे झाली असली, तरी वारसाचे कागद व इतर वारसांची संमती घेऊन परिवहन कार्यालयात चौकशी करणे हाच योग्य मार्ग. २०२१ पासून नोंदणी प्रमाणपत्रावर नामनिर्देशनाची सोयही झाली आहे. बँक खात्यास वारस नोंदविणारे ग्राहक वाहनास वारस नोंदविण्यास विसरतात, म्हणून हा उल्लेख.

बँकेशी संबंधित असा एक मुद्दा येथे विशेष महत्त्वाचा आहे. त्या काळी अनेकांनी स्कूटर कर्जावर घेतली. कर्ज केव्हाच फिटले; परंतु आरसी बुकावरील हायपोथिकेशनची, म्हणजे तारणाची, नोंद काढून घेण्याचे राहून गेले. ही नोंद कायम असेपर्यंत गाडीचे हस्तांतरण अडते. ती काढण्यासाठी कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि मालक व बँक या दोघांच्या सहीचा नमुना ३५ लागतो. कर्ज देणारी बँक विलीन झालेली असेल, तर तिच्या उत्तराधिकारी बँकेच्या शाखेत जावे. उदाहरणार्थ, लखनौ परिसरात ज्यांचे कर्ज अलाहाबाद बँकेचे होते, त्यांना आता इंडियन बँकेकडे अर्ज करावा लागेल, कारण १ एप्रिल २०२० रोजी या दोन बँकांचे विलीनीकरण झाले. ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्सच्या कर्जदारांनी त्याच दिवसापासून पंजाब नॅशनल बँकेकडे जावयाचे, तर २००२ साली विलीन झालेल्या बनारस स्टेट बँकेच्या कर्जदारांनी बँक ऑफ बडोदाकडे. चाळीस वर्षांपूर्वीच्या कर्जखात्याचा माग काढण्यास शाखेला वेळ लागतो. खाते क्रमांक, शेवटच्या हप्त्याची पावती, जुने पासबुक यांपैकी जे हाती असेल ते सोबत न्यावे. शाखेतील कर्मचाऱ्यांनीही अशा अर्जास किरकोळ काम समजू नये. त्या एका सहीअभावी एखाद्या कुटुंबाची गाडी कायमची अडून राहते.

बदलीच्या नोकरीतील मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. लखनौची गाडी पुण्याला किंवा नागपूरला न्यावयाची असेल, तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवल्यास तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले. लखनौ त्या क्षेत्रात मोडत नाही. परंतु गाडी तिकडे नेण्याचा विचार असल्यास प्रचलित आदेश पाहूनच निर्णय घ्यावा.

पन्नाशीचा प्रश्न

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. दुचाकीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या दुचाकींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते २,००० रुपये करण्यात आले. उशीर झालेला असल्यास विलंब शुल्कही द्यावे लागते.

याखेरीज जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘विंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी या वर्गात येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठरविण्यात आले. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. नव्याने नोंदणी झालेल्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधी नोंदणी झालेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक राखता येतो.

१९७५ साली लखनौच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या विजय सुपर २०२५ मध्ये पन्नास वर्षांच्या झाल्या. यापुढे दरवर्षी अशा आणखी गाड्या या वर्गात येत जातील. त्यांच्या मालकांपुढे खरोखरीची निवड आहे. विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती व इंधन भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजचा भाजीबाजार किंवा कार्यालयात जाणे तिला वर्ज्य. ज्यांना रविवारी सकाळी हनुमान मंदिरापर्यंत चक्कर मारण्याचा आनंद हवा आहे, त्यांना साधी नोंदणी पाच-पाच वर्षांनी चालू ठेवणेच सोयीचे. ज्यांना गाडी ठेव म्हणून जपावयाची आहे, त्यांनी विंटेजचा विचार करावा. मात्र दोन्ही बाबतींत मूळ स्वरूप राखणे हिताचे, कारण उत्साहाने केलेले फेरफार हे पहिल्या मार्गात परवानगीचा प्रश्न उभा करतात आणि दुसरा मार्ग बंदच करू शकतात.

खोलण्यापूर्वी

घरी सुरू केलेली अशी कामे अर्धवट राहण्याचे कारण बहुधा तांत्रिक नसते. सगळी गाडी एका रविवारी उत्साहाने खोलली जाते, नट-बोल्ट एका डब्यात एकत्र पडतात आणि तीन महिन्यांनी कोणता बोल्ट कोठला हे कोणासच आठवत नाही. अखेर दोन पोत्यांत भरलेली गाडी भंगारात जाते. येथे एक धोक्याची सूचनाही द्यावयास हवी. नोंदणी रद्द न करता गाडी भंगारवाल्यास दिल्यास कायद्याच्या दृष्टीने मूळ नोंदणीकृत मालकाची जबाबदारी संपत नाही.

हे टाळण्याचा उपाय सोपा आहे. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक जोडणीचे नट-बोल्ट स्वतंत्र पिशवीत घालून तीवर चिठ्ठी लावावी. एक वही करून काय काढले, काय झिजले आहे व काय आणावयाचे आहे याची तारीखवार नोंद ठेवावी. एका वेळी एकच विभाग खोलावा आणि तो पुरा झाल्यावरच दुसऱ्यास हात घालावा. बँकेतील रोजकीर्दीची शिस्त येथेही तितकीच उपयोगी पडते.

साधनांच्या बाबतीत चांगल्या प्रतीचे रिंग पाने, बॉक्स पाने, स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज आणि मल्टिमीटर एवढ्यावर सुरुवात होते. लॅम्ब्रेटा जातीच्या इंजिनास आणखी दोन खास हत्यारे लागतात : फ्लायव्हील ओढून काढणारा पुलर आणि क्लचची स्प्रिंग दाबून धरणारे हत्यार. पुलरऐवजी हातोडी वापरल्यास फ्लायव्हील किंवा क्रँकचे टोक निकामी होते. ही हत्यारे जुन्या मेकॅनिककडून तात्पुरती मागून आणता येतात.

वर्षानुवर्षे बंद असलेल्या गाडीस लगेच किक मारू नये. प्रथम स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि एक-दोन दिवस मुरू द्यावे. नंतर फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून पाहावे. ते फिरत नसेल तर जोर करू नये. जाम झालेली रिंग सिलिंडर ओरखडते आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो.

इंजिनाचे आरोग्य

विजय सुपरचे इंजिन दीडशे सीसीचे, एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक. राजदूत १७५, जावा व येझदी या मोटरसायकलीही टू-स्ट्रोकच. बुलेट मात्र फोर-स्ट्रोक असल्याने तिचे तंत्र वेगळे. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये पोकळी निर्माण होते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल, तेल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये चढते. म्हणजेच क्रँककेस हा एक पंपच आहे आणि पंप म्हटला की तो हवाबंद हवा.

हे एक तत्त्व समजले की जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या निम्म्या तक्रारी उलगडतात. क्रँकच्या दोन्ही बाजूंस रबरी ऑइल सील असतात. गाडी दीर्घकाळ उभी राहिली की ते कडक होऊन तडकतात. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेले, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोल व तेल यांचे प्रमाण घटते, इंजिन तापते आणि पिस्टन जाम होतो. चेन व क्लचच्या बाजूचे सील गेले, तर गिअरचे तेल क्रँककेसमध्ये ओढले जाऊन सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो. मोठा खर्च करून नवा पिस्टन बसवावयाचा आणि स्वस्तातले सील मात्र जुनेच ठेवावयाचे, अशी चूक अनेक ठिकाणी होते. त्यामुळे इंजिन उघडल्यास सर्व सील, गॅस्केट आणि शंकास्पद बेअरिंग बदलणे श्रेयस्कर.

सिलिंडर झिजलेला असल्यास तो लेथवर बोअर करून एक माप मोठा पिस्टन बसवावा लागतो. हे काम तसेच क्रँकची कनेक्टिंग रॉड बदलणे घरी होत नाही. त्यासाठी अनुभवी कारागीरच हवा. प्रत्येक बोअरबरोबर सिलिंडरची उरलेली आयुर्मर्यादा कमी होते. म्हणून माप घेऊन गरज सिद्ध झाल्याशिवाय बोअर करू नये. पिस्टनचे डोके, सिलिंडर हेड आणि सायलेन्सरचे तोंड यांवर साचलेला कार्बन घरी लाकडी खुरपणीने काढता येतो. लोखंडी हत्याराने ओरखडे पडतात.

इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात : योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. कार्ब्युरेटर पूर्ण सोडवून त्याची जेट व सूक्ष्म वाटा हवेच्या झोताने साफ कराव्यात. त्यांत तार घालून छिद्रे मोठी करू नयेत. मॅग्नेटोच्या पॉइंटवरील काजळी घासून त्यांतील अंतर पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने लावावे. कंडेन्सर मात्र नवा बसवावा. पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाणही पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. चार टक्के सांगितले असल्यास लिटरमागे ४० मिलिलिटर असा हिशेब होतो. धूर कमी व्हावा म्हणून तेल घटविणे हे पिस्टनच्या जिवावर बेतणारे आहे.

टाकी आणि आजचे पेट्रोल

जुन्या गाडीसमोर आलेली नवी अडचण म्हणजे इंधन. देशात २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सर्वत्र पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. टाकीत ते दीर्घकाळ राहिल्यास पाणी तळाशी बसते आणि टाकी व कार्ब्युरेटर दोन्ही गंजतात. त्या काळचे रबरी पाइप व वॉशरही या मिश्रणाने फुगतात किंवा ठिसूळ होतात.

यावर व्यवहार्य उपाय असे. पेट्रोलचा पाइप, कॉकचे वॉशर आणि कार्ब्युरेटरचे सील इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घ्यावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. टाकीतील हलका गंज काढण्यासाठी सायट्रिक आम्लाचे पाण्यातील द्रावण रात्रभर भरून ठेवतात, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतात आणि लगेच पूर्ण वाळवून आतून तेलाचा हात फिरवितात. टाकीला छिद्र असल्यास तिला घरी झाळ लावण्याचा प्रयत्न कदापि करू नये. रिकाम्या भासणाऱ्या टाकीतील वाफेचाही स्फोट होतो.

पत्रा, रंग, ब्रेक आणि चाके

बजाज किंवा व्हेस्पाच्या स्कूटरचा पत्रा हाच तिचा सांगाडा असतो. त्यामुळे तिचे पायदान कुजले की गाडीच कमकुवत होते. लॅम्ब्रेटा जातीच्या गाडीत मात्र नळीचा स्वतंत्र सांगाडा असून पत्रे त्यावर बसविलेले असतात. म्हणून विजय सुपरचा पत्रा वाईट दिसला तरी निराश होऊ नये. नळी सरळ आहे व तीवर कोठे तडा नाही, एवढी खात्री आधी करावी. बुलेट, जावा यांसारख्या मोटरसायकलींसही हाच नियम लागू.

रंगाबाबत घाई नसावी. हेडलाइटच्या आत, पॅनेलच्या मागे किंवा टूल बॉक्समध्ये मूळ रंग बहुधा शाबूत असतो. त्यावरून छटा जुळविता येते. पुष्कळदा धुऊन, पॉलिश करून आणि गंजलेल्या जागीच रेड ऑक्साइड लावून जुना रंग आणखी दहा वर्षे टिकतो. गाडीच्या वयाची ती साक्षही असते. पूर्ण रंगकाम करावयाचेच असेल तर लखनौच्या हवेत जून महिन्यातील धूळ, पावसाळ्यातील दमटपणा आणि डिसेंबर-जानेवारीतील धुके टाळून ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हे महिने निवडावेत. फवारणीचे काम रंगकाम करणाऱ्या व्यावसायिकाकडेच द्यावे. आधुनिक टू-पॅक रंगाची वाफ फुप्फुसांस घातक असते आणि घराच्या पोर्चमध्ये तिचा निचरा होत नाही. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा तो कोरडा न घासता ओल्या पॉलिश पेपरने घासावा.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. जुन्या ब्रेक शूच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ड्रममधील भुकटी फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. ब्रेक शू, सर्व केबली आणि टायर नवेच घ्यावेत. विजय सुपरचा दहा इंची टायर इतर जुन्या स्कूटरनाही चालणारा असल्याने तो सहज मिळतो. टायरच्या बाजूवरील चार आकडे निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवितात. ते पाहून घ्यावेत. या स्कूटरची रिम दोन भागांची, नटांनी जोडलेली असते. टायर काढण्यापूर्वी हवा पूर्णपणे सोडणे अत्यावश्यक आहे. हवा भरलेल्या स्थितीत ते नट ढिले केल्यास रिमचे भाग जोराने उसळून गंभीर इजा होऊ शकते.

सुट्या भागांसाठी लखनौकरांना लाटूश रोडसारखी जुनी बाजारपेठ आहे, तर पुणेकरांना मंगळवार पेठेतील जुना बाजार. काम देणारा मूळ भाग आणि चकचकीत नक्कल यांतून निवड करावयाची असेल, तर थोडा गंजलेला मूळ भाग घ्यावा. भाग विकत घेताना जुना भाग सोबत नेऊन मापे जुळविणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.

पैशाचा हिशेब

या छंदात खर्चाचा अंदाज चुकतो तो एकाच रकमेत विचार केल्यामुळे. खर्चाचे चार भाग करावेत : कागदपत्रे, इंजिन, सुरक्षितता म्हणजे ब्रेक-टायर-वायरिंग, आणि शेवटी शोभा म्हणजे रंग, क्रोम व सीट. प्राधान्यही याच क्रमाने द्यावे. पहिल्या तीन भागांत गाडी चालू व सुरक्षित होते. चौथा भाग सवडीने करता येतो. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा होतो. क्रोम आधी चमकते आणि इंजिनाच्या वेळी पैसा संपतो.

अशा कामासाठी कर्ज काढणे इष्ट नव्हे. वैयक्तिक कर्जाचे व्याज छंदातील आनंद हिरावून घेते. त्याऐवजी आधी एक वर्षाची आवर्ती ठेव सुरू करावी आणि तिच्या मुदतीच्या काळात कागदपत्रे, शोधाशोध व सफाई ही कमी खर्चाची कामे उरकावीत. ठेव पक्व होईपर्यंत गाडीस नेमके काय हवे आहे हे वहीत स्पष्ट झालेले असते आणि अंदाज बराच अचूक निघतो. प्रत्येक पावती जपून ठेवावी. उद्या गाडी विकावयाची झाल्यास किंवा विम्यासाठी तिचे मूल्य ठरवावयाचे झाल्यास हाच पुरावा.

पुनरुज्जीवित गाडी ही गुंतवणूक आहे, असे काही जण सांगतात. मोजक्या दुर्मीळ गाड्यांना उत्तम किंमत येते, हे खरे. परंतु सर्वसामान्य गाडीवर घातलेला पैसा व विशेषतः घातलेला वेळ विक्रीतून वसूल होईलच, असे गृहीत धरू नये. विम्याबाबत, तृतीय पक्ष विमा मोटार वाहन कायद्यानुसार अनिवार्य आहे. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमा मूल्य मालक व कंपनी यांच्या संमतीने ठरते; तेथे छायाचित्रे व पावत्यांची फाइल कामी येते.

पहिली चक्कर

जोडणी पूर्ण झाल्यावर पहिले काही दिवस गाडी घराजवळच फिरवावी. नवा पिस्टन किंवा नवा बोअर असल्यास वेग व भार दोन्ही कमी ठेवावेत, चढावर इंजिन ताणू नये आणि दर फेरीनंतर थंड होऊ द्यावे. प्रत्येक फेरीनंतर नट-बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत, कारण कंपनाने ते सैल होतात. हेडलाइट, मागचा दिवा व हॉर्न सुरळीत असल्याखेरीज मुख्य रस्त्यावर जाऊ नये. हेल्मेट आणि अद्ययावत कागद तर हवेतच.

या साऱ्या खटाटोपात आणखी एक संपत्ती हाती लागते. तिचा उल्लेख करून थांबणे उचित ठरेल. विजय सुपरचे इंजिन आवाजावरून ओळखणारे, सरोजिनी नगरच्या कारखान्यात काम केलेले किंवा त्या गाड्यांवर आयुष्य घालविलेले कारागीर आता वार्धक्याकडे झुकले आहेत. त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत पूर्णपणे उतरलेले नाही. मापे लिहून ठेवलेल्या वहीबरोबर त्यांच्या सूचनाही लिहून ठेवाव्यात आणि शक्य झाल्यास घरातील तरुणास त्यांच्याजवळ बसवावे. ज्या घरांच्या पोर्चमध्ये अशी एखादी गाडी उभी आहे, त्यांनी येत्या रविवारी ताडपत्री काढण्याआधी फायलीचे कपाट उघडावे आणि आरसी बुकावरील तारणाची नोंद पाहावी. तिथपर्यंतच्या कामास एक रुपयाही खर्च येत नाही.